काकांच्या चुका

ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणत. साठीला टेकलेले, टीममध्ये सर्वांत वडील. ज्या प्रोग्रामिंग भाषेवर टीमची पोटं चालत होती, तिच्यात काकांनी मोठमोठ्या फाइली झटक्यात वाचणारी एक लायब्ररी, म्हणजे इतरांना आयता वापरता येणारा कोड, लिहिली होती आणि ती देशोदेशीचे लोक वापरत. त्या भाषेच्या मंडळींचं संमेलन दरवर्षी भरे. यंदा तिथे काकांचं भाषण होतं, म्हणून अख्खी टीम कौतुकानं परगावी आली होती.

टीममधली टेस्टर मात्र सकाळपासून गप्प होती. आठ वर्षांपूर्वी काकांनीच तिला हाताला धरून कोड लिहायला शिकवलं होतं. गेले सहा महिने तिला त्यांच्या कामात चुका दिसत होत्या. आधी बारीकसारीक, मग एकच काम दोनदा लिहिलेलं, कधी अर्ध्यातच सोडलेलं. चूक दिसली की नोंदवायची, हीच तिची नोकरी. पण काकांची चूक नोंदवायला तिचा हात धजेना. ती गुपचूप दुरुस्त करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायची.

अकरा वाजता सभागृह खचाखच भरलं. काकांनी सुरुवात झकास केली. "या भाषेत एक गोष्ट करायच्या सहा वाटा आहेत. आमची ही म्हणते, तुम्ही सातवी शोधाल आणि चुकाल!" हशा पिकला. मग पडद्यावर त्यांचाच दहा ओळींचा कोड आला आणि काका थांबले. जवळ जाऊन बघू लागले.

"हे कोणी लिहिलंय?"

लोक पुन्हा हसले. काका हसले नाहीत. "नाही, खरंच विचारतोय. लिहिलंय चांगलं. पण मला कळत नाहीये."

हसू विरत गेलं. टीमलीड वळून काही विचारणार, तोवर टेस्टर व्यासपीठावर पोहोचली होती.

"काका, मी सांगू?"

"तुला येतं?"

"तुम्हीच तर शिकवलंत."

"मग सांग की!" म्हणून ते बाजूच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले. तिनं एकेक ओळ उलगडून सांगितली. काका मान डोलावत ऐकत होते.

बाहेर येताच तिनं काकूंना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

"म्हणजे तिकडेही सुरू झालं," काकू म्हणाल्या. "घरी वर्ष होत आलं गं. परवा धाकट्या बहिणीचं नाव आठवेना त्यांना. पण ऑफिसचं काम चोख चाललंय ना, मग वयामुळे होत असेल, म्हणून मी डॉक्टरकडे नेलं नाही."

"काकू, ते काम मी दुरुस्त करत होते."

पलीकडून फोन बंद झाला.

ती आत गेली. काका खिडकीपाशी कपात चमचा ढवळत एकटेच बसले होते. तिचा चेहरा पाहून म्हणाले, "रडू नकोस. तू निस्तरतेस, ते मला कळत होतं. तुला सांगणारही होतो. मग वाटलं, जातायत तेवढे दिवस जाऊ देत."

ती त्यांच्या शेजारी बसली आणि हुंदके देऊ लागली. काका तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

पुढच्या आठवड्यात काकूंबरोबर तीही दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "हा आजार बरा होत नाही. पण सहा महिने आधी आला असतात, तर कदाचित थोडे चांगले दिवस हाती लागले असते." काकूंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकाच पुढे झुकून म्हणाले, "डॉक्टर, या पोरीला काही बोलू नका. तिला मीच गप्प बसू दिलं."

महिन्याभरात काकांनी नोकरी सोडली. लायब्ररीचं काम टेस्टरकडे आलं. काकूंचा फोन यायला मात्र हिवाळा उलटून जावा लागला. "रविवारी ये," एवढंच त्या म्हणाल्या. "ते अजून तुला ओळखतात."