मास्तरची मागची गाडी

आमच्या दुकानात दर रविवारी दुपारी लढाई होते, अन् ते माह्या कटिंगच्या टेबलावर होते, हे आधीच सांगून टाकते. मागून कोनी म्हनू नये का जाहिदाबाई उगाच चिडते. सहा फूट लांब टेबल. त्याच्यावर हिरवं कापड, नाटकाच्या पडद्यातून उरलेलं. मधातून निळ्या साटनची वैनगंगा. कापडाखाली कापूस कोंबून केलेल्या टेकड्या. सोमवारी त्याच टेबलावर मले राजाचा अंगरखा कापाचा राहते, अन् सकाळी पाहाव तं टेकड्या तशाच. आता चिडाचं नाई तं काय कराचं, तुमीच सांगा.

वडशात थंडीभर नाटकायचं काम सरत नाई. राजा, इन्स्पेक्टर, डाकू, सारे आमच्याच दुकानातून कपडे घालून स्टेजवर जातात. आमचे हे, रहीम मास्तर, कापतात; मी शिवते. आठवडाभर हा मानूस मोजून दहा शब्द बोलते. त्यातले तीन तं 'बाही किती ठेवू' हेच. पन रविवारी दोन वाजले का मुखरूभाऊ अन् मुन्ना येतात, टेबलावर शिपाई लागतात, अन् माह्या मास्तरच्या तोंडावर हासू येते. त्या हासूसाठी मी असे दोन टेबल देईन. पन हे मी त्यायले कधी सांगितलं नाई.

मुखरूभाऊ खेड्यावरचे धानवाले शेतकरी. सोळा वर्सं फौजेत होते, हवालदार होऊन घरी आले, डाव्या हाताची दोन बोटं तिकडंच राह्यली. मुन्ना रेडिओ दुरुस्त करते. तीन वर्सं होमगार्डात होता, गनपतीचा अन् मोहरमचा बंदोबस्त केला, पन बोलते असा का जसा सीमेवरच उभा होता. शिपाई त्यानंच बनवले. झारनाचा रांगा, म्हंजे कथील, वितळवाचा अन् मातीच्या साच्यात ओताचा. बोटाएवढे शिपाई, दोन्ही बाजूले चाळीस-चाळीस, अन् एक-एक तोफ. अन् आमचे मास्तर. तेही पंधरा वर्सं फौजेत.

खेळ सोपा आहे. पाहून पाहून मलेही समजला. दोघं खेळतात, तिसरा कायदा पाहते. शिपाई टेपनं मोजून सरकवाचा, सहा इंच. गोळी लागली का नाई ते लुडोचा फासा सांगते. सारे कायदे मास्तरनं जुन्या मापाच्या वहीत लिहून ठेवले आहेत. त्यातल्या एका कायद्यावर दर रविवारी भांडन होते. दोन्ही फौजेच्या मागं एक-एक गाडी राहते, आगपेटीएवढी, तेही रांग्याची. जो शिपाई पडला तो पडला तिथीच ठेवाचा. मंग आपला एक मानूस तिथपर्यंत न्याचा, अन् पडलेल्याले इंच-इंच मोजून गाडीपर्यंत आनाचा. तो येईपर्यंत फौज पुढं सरकत नाई.

"अरे मास्तर, मेला तं मेला," मुखरूभाऊ म्हनाचे. "डब्यात टाक अन् चाल पुढं."

"नाई भाऊ. मांगं आनाचा."

बाकी कोनत्याही गोष्टीत मास्तर हारून जाते. माह्याशी, गिऱ्हाइकाशी, साऱ्यायशी. ह्या एका गोष्टीत आठ वर्सं हारला नाई.

दोन हजार तीनचा डिसेंबर. मुखरूभाऊ म्हनाले, "ह्या रविवारी सिंदेवाहीचे सुभेदार गेडाम येऊन राह्यले खेळाले. असली फौजी मानूस हाय." अन् त्या दिवसापासून मास्तरचं जेवन कमी झालं.

कारन मले मालूम होतं. एक फौजी दुसऱ्या फौजीले भेटला का दोन गोष्टी पहिले विचारते. पलटन कोनती, अन् ट्रेड कोनता. आमचे मास्तर फौजेत दर्जी होते. पलटनीत न्हावी राहते, धोबी राहते, सैपाकी राहते, तसा दर्जीही राहते. वर्दी तेच, नंबर तोच, पन बंदुकीच्या जागी मशीन. वडशात हे कोनाले मालूम नव्हतं. लोकायले वाटे, मास्तर तिकडून आल्यावर शिवाले शिकले. मास्तर खोटं कधी बोलले नाई, पन खरंही बोलले नाई. एकदा शाळेनं सव्वीस जानेवारीले बोलावलं, 'सीमेवर लढलेले आपले जवान' म्हून हार घातला, अन् हे मुके उभे. त्याच्यानंतर तं जीभच उचलली नाई.

मी शंभरदा म्हनलं, सांगून टाका ना. दर्जी होतो म्हना, चोर तं नव्हतो.

"मुखरूभाऊ मंग बसू देईन का मले टेबलावर?" ते म्हनाचे.

"टेबल माहा आहे. त्याले कोन विचारते?"

पन त्यायची भीती खरी होती. आठवड्यातून तीन घंटे हा मानूस जगते, तेच जाचे होते.

रविवारी सकाळी ते नागपूरले निघाले, अस्तर आनाचं आहे म्हने. मी त्यायच्या चपला कपाटात ठेवून कुलूप लावलं. अस्तर घरी तीन थान पडलं होतं. मंग गुपचूप टेबल लावत बसले.

दुपारी मले डाकूच्या कोटाले पितळी बटन पाहिजे होतं. बटनाचा डबा उघडला तं तळाशी पांढऱ्या कापडाची गुंडाळी. उघडून पाह्यलं तं दोन्ही गाड्या. अन् ते कापड मी ओळखलं. दोन तुकडे होते, जुने, चौकोनी कापलेले, शिवलेले नाईत. लग्न होऊन आली तवापासून पेटीत पाहून राह्यले. एकदा त्यायचा पोतेरा कराले निघाली तं मास्तरनं हातातून हिसकून घेतले होते. कशाचे, ते सांगितलं नाई.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गाडीसाठी आठ वर्सं मुखरूभाऊशी भांडले, ते एका गेडामच्या भेवानं, गाडीवरून गोष्ट ट्रेडवर जाईन म्हून, बटनात लपवता?

सुभेदार आले. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशा, हातानं विनलेलं स्वेटर. आल्या-आल्या काहीच विचारलं नाई. बसले, पाहात राह्यले. मुन्नाच्या तोफेनं मुखरूभाऊचे तीन शिपाई पाडले. मुखरूभाऊनं सवयीनं मास्तरकडं पाह्यलं, आता हा नाई म्हनीन म्हून.

"टाका डब्यात," मास्तर म्हनाले.

मुखरूभाऊ पाहातच राह्यले. "तब्येत बरी हाय ना तुही?" म्हनाले, अन् तिन्ही डब्यात टाकले. आठ वर्साचं भांडन जिंकले तरी त्यायले बरं वाटलेलं दिसलं नाई.

मी चहा नेला. ट्रे ठेवला, अन् पदरातून एक गाडी काढून मुखरूभाऊच्या फौजेमागं ठेवली. "हे राह्यली होती," म्हनलं.

मास्तरनं माह्याकडं पाह्यलं. तसं त्यायनं मले कधी पाह्यलं नव्हतं. तवा मले समजलं का आपन काय करून बसलो.

"हे काय हाय?" सुभेदारनं विचारलं. मुखरूभाऊनं सारा कायदा सांगितला, नेहमीसारखा कुरकुर करत. पडलेल्याले उचलाचं, मोजाचं, गाडीपर्यंत आनाचं. सुभेदारनं गाडी हातात घेतली, उलटी-पालटी करून पाह्यली.

"कायदा कोनाचा?"

"मास्तरचा."

"ट्रेड कोनता होता मास्तर तुमचा?"

मास्तरचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. "दर्जी," म्हनाले. "पंधरा वर्सं दर्जी. बंदूक ट्रेनिंगमधी चालवली, तेवढीच."

मुन्नाचा कप बशीवर तसाच राह्यला. मुखरूभाऊनं मान खाली घातली. वाटलं, गेला माह्या मानसाचा रविवार, अन् मीच घालवला.

पन मास्तर थांबले नाईत. इतका वेळ बोलताना मी त्यायले कधी ऐकलं नव्हतं.

"एकाहत्तरचा डिसेंबर होता. आमचे अकरा पोरं गेले. ज्याचं त्याचं सामान घरी पाठवाचं होतं. कंगवा, चिठ्ठ्या, एकाचा आरसा. ते पांढऱ्या कापडात भरून पार्सल शिवाचं, वर पत्ता लिहाचा. मले सांगितलं, अकरा कापडं काप. मी कापले. नऊ शिवले. दोन पोरं तिकडंच राह्यले, बर्फात, त्यायले कोनी आनू शकलं नाई. साहेब म्हने, त्या दोघायचं थांब, येतीन. पलटन तिथून हालली, सामान बी कोनी दुसरं घेऊन गेलं. मले कोनी सांगितलंच नाई का आता थांबू नको."

मी पदरातले ते दोन तुकडे काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले. तेवीस वर्सं एका घरात राहून ह्या मानसानं मले हे सांगितलं नव्हतं. रागही आला, अन् त्यायले जवळ घ्यावसं वाटलं, चार लोकायसमोर.

सुभेदारनं गाडी जिथी होती तिथी नीट ठेवली. "याच्याबिगर पलटन नसते," म्हनाले, अन् चहा उचलला.

मुखरूभाऊ अजून खालीच पाहात होते. मंग त्यायनं डबा ओढला. तिन्ही शिपाई शोधून काढले, अन् जिथी-जिथी पडले होते तिथी-तिथी आडवे ठेवले. एकाची जागा चुकली, ते सुधारली.

"आमचा बी एक राह्यला तिकडं," म्हनाले. "माह्याच सेक्शनचा. मले आनता आला असता." आपल्या तीन बोटायच्या हाताकडं पाह्यलं. "म्हून तुहा कायदा मले पटत नव्हता, मास्तर. टेप दे."

मास्तरनं गळ्यातली टेप काढून दिली.

मुखरूभाऊनं मोजाले सुरुवात केली. सहा इंच जाचं, सहा इंच याचं. मुन्नाची फौज मोकळी होती, ते साटनची नदी ओलांडून टेकडीवर चढली, मुखरूभाऊनं तिकडं पाह्यलंही नाई. दिवस कलला तवा दोन शिपाई गाडीजवळ आले होते. सुभेदारची सिंदेवाहीची एस्टी होती, त्यायले जाचं होतं. मुन्ना म्हने, "भाऊ, तुमी हारले."

"हारलो तं हारलो. पुढच्या रविवारी हे इथूनच लावाचं."

मास्तरनं हाव म्हनलं. माह्याकडं पाहून म्हनलं, म्हंजे मले विचारलं.

सोमवारी सकाळी राजाचा अंगरखा कापाचा होता. टेबलावर मुखरूभाऊचा तिसरा शिपाई आडवा पडला होता, गाडीपासून चार इंच दूर. मी कैची घेतली, चटई टाकली अन् अंगरखा खाली बसून कापला.