बिनवासाचं क्रीम

मुरुमं गेली, पण जाताना गालांवर लाली ठेवून गेली. ती घालवायला आईनं आपल्या कपाटातली ट्यूब दिली. आईचे गाल कायम गुलाबी, अख्खी आळी तिच्या कांतीचं कौतुक करते. आठवड्याभरात माझा चेहरा इतका नितळ झाला की मी आरसा सोडेना. पाच महिने लावली. एक दिवस विसरले तरी गाल पेटायचे.

चष्म्याच्या दुकानात काम माझं. चारी भिंतींना आरसे, आणि गिऱ्हाईक वीतभर अंतरावर. तोंड लपवायची सोय नाही.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून गाल पाहिले आणि ट्यूब बाजूला ठेवली. "यात स्टेरॉइड आहे. कातडी पातळ झालीय तुझी. आजपासून बंद. काही आठवडे चेहरा भडकेल. घाबरून पुन्हा लावलंस, तर लाली कायमची बसेल." त्यांनी बिनवासाचं साधं क्रीम लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी माझा टोमॅटो झाला. चौथ्या दिवशी पापण्या सुजल्या, आणि एका बाईंनी माझ्या हातून फ्रेम घालून घ्यायला नकार दिला. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आई दारात उभी राहून बघत होती.

सहाव्या दिवशी आग शमली. सातव्या दिवशी मालक म्हणाले, "काय गं, हवापालट करून आलीस वाटतं?" मी हसले, आणि आरशात पाहिलं. इतक्यात कसं? डॉक्टरीणबाई तर आठवड्यांचं बोलल्या होत्या.

घरी आले ती तडक बाथरूममध्ये. नव्या क्रीमची डबी उघडून नाकाशी नेली. गोडसर वास आला, ट्यूबचा. डबी हातातून बेसिनमध्ये पडली.

"आई!"

ती धावत आली, डबीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"थोडंसंच मिसळलं गं. तू रडत होतीस, मला बघवेना."

बेसिनवरच्या दिव्याखाली तिचे गाल माझ्यापासून वीतभर होते. इतक्या जवळून मी ते कधी पाहिलेच नव्हते. गुलाबी कसले, लाल शिरांचं बारीक जाळं होतं नुसतं.

"किती वर्षं लावतेयस तू?"

"तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून." तिनं नळ उगाच सोडला, बंद केला. "दोनदा सोडून पाहिलं. चौथ्या दिवसाच्या पुढे नाही जाता आलं."