पंखवाली म्हाळसा

होटगीला आमच्या सासरच्या देव्हाऱ्यात चांदीच्या टाकांमध्ये एक सोन्याचं नाणं पुजलं जातं, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. टाक म्हणजे देवाची आकृती ठोकलेले छोटे पत्रे. सासूबाई, म्हाळसाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, ते सुनेला धुऊ देत नसत. यंदा चंपाषष्ठीला गुडघ्यांनी दगा दिला म्हणून नाइलाजानं काम माझ्याकडे आलं, तरी नजर माझ्या बोटांवरच होती.

नाण्यावर शिरस्त्राण घातलेला राजा होता, खांद्यावर भाला, ढालीवर घोडेस्वार. घरच्यांच्या लेखी तो खंडोबा. मागच्या बाजूला पंखांची बाई, हातात उंच क्रूस. ती म्हाळसा.

मी सोलापुरात कॉलेजवर इतिहास शिकवते. रोमची जुनी विजयदेवी ख्रिस्ती काळात हातात क्रूस घेते आणि हळूहळू देवदूत होऊन जाते, हे मी दरवर्षी जांभया देणाऱ्या पोरांना सांगते. ते सगळं इथं भंडाऱ्यात माखून बसलं होतं. आनंदानं माझा आवाज चढला. हा खंडोबा नव्हे आत्या, रोमचा बादशहा आहे, तज्ज्ञांना दाखवायला हवा, असं बोलून मी मोबाईलवर एक फोटोही काढला. आत्यांनी नाणं माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि जागेवर ठेवलं.

पुढच्या खेपेला आम्ही नवराबायको होटगीला गेलो तर नाणं गायब.

धाकटा दीर धुळा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. फोटो कुणाकुणाला पाठवला, असं तो मला पुन्हा पुन्हा विचारू लागला. मी त्याच्या दारातल्या कोऱ्या मोटारसायकलकडे बघत होते, आणि ते त्यालाही कळत होतं. जेवताना कुणी कुणाला वाढेना. मग माझा नवरा कुमार मला चुलीपाशी गाठून हळूच म्हणाला, "तपासायला म्हणून तू तर न्हाय ना नेलंस?"

धुळाचं मी सोसलं असतं, कुमारचं फार लागलं. मी माझी पर्स सगळ्यांसमोर जमिनीवर उपडी केली. कंगवा, खडू, गोळ्यांची पाकिटं घरंगळली. आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. देव गेला आणि ही बाई रडत कशी नाही, असं माझ्या मनात आलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

रविवारी त्या स्वतः धुळाच्या गाडीवरून आमच्या फ्लॅटवर आल्या. तिघांना समोर बसवून त्यांनी कमरेच्या पिशवीतून दोन पिवळ्या पुरचुंड्या काढल्या. देव उजळून आणले, म्हणाल्या. झिजलेले टाक सोनाराकडे द्यायचे आणि त्याच धातूचे नवे घडवून घ्यायचे, याला आमच्यात उजळणं म्हणतात.

"तूच म्हणालीस की, ह्यो आपला देव न्हाय," त्या मला म्हणाल्या. "उद्या सरकारी मानसं आली असती, घिऊन गेली असती. आता म्हणू दे कुणाला, खंडोबा न्हाय म्हणून. एक धुळाचा, एक तुमचा. तुमच्या घरात देवच न्हवता."

"आत्या, तुम्ही तो वितळवलात."

"वितळवला न्हाय. उजळला."

मला संतापानं रडू फुटलं. माझ्याकडे आता उरला होता एक हललेला फोटो. रोमन जग नेमकं कधी संपलं, असं पोरं विचारतात, तेव्हा मी सांगते की असा एक दिवस नसतो. लोक जुनंच जपत राहतात आणि जपता जपता ते वेगळं होऊन बसतं. वर्गात हे बोलणं सोपं होतं. इथं मात्र मुशीखाली जाळ कुणामुळे लागला, तेही मला ठाऊक होतं.

आत्यांनी एक टाक माझ्या तळहातावर दाबून ठेवला. पातळ पत्रा, घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा. बघायचं नव्हतं, पण अंगठ्याला तिच्या खांद्यापाशी काहीतरी खरखरीत लागलं. दोन्ही बाजूंना बारीक पंख कोरले होते.

"सोनार तयार न्हवता," आत्या म्हणाल्या. "म्हाळसेला पंख नसत्यात म्हणं. मी म्हनलं, आमच्या म्हाळसेला हायत. तेवढं तरी राहू दे."

घरात भंडारा नव्हता. मी डोळे पुसले आणि मिसळणाच्या डब्यातली हळद घ्यायला उठले.

"मोबाईल तितंच ठिवून ये," आत्या मागून म्हणाल्या.