परतीचं पाणी

हैदराबादजवळच्या जीडिमेटलातल्या औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर सुजाताने परतीच्या पाण्याची लाइन सुरू केली, त्याला चारच दिवस झाले होते. साल १९९३. परदेशी माल स्वस्तात यायला लागल्यापासून मालकांचा डोळा कोळशाच्या खर्चावर होता. माल ज्यात तयार होई ते तिन्ही रिॲक्टर तापवून झाल्यावर वाफेचं जे कढत पाणी होई, ते आजवर गटारात जायचं. सुजाताने ते बॉयलरच्या टाकीत परत आणलं. पाणी आधीच गरम, म्हणून कोळसा कमी. पाण्याची शुद्धता दाखवणारा मीटर मात्र पुढच्या तिमाहीत घ्यायचा ठरला होता, आणि त्या कागदावर तिनेही सही केली होती.

पाचव्या दिवशी सकाळी बॉयलरवाले प्रतापराव यांचा फोन आला. बावीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. त्यांचा आवाज ऐकूनच ती धावत गेली. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी नाचत होती. आत्ता वर, तर आत्ता दिसेनाशी.

“पाणी फेसाळलंय, बाई. आत खरं किती आहे, खुदा जाने.”

पाणी कमी असेल तर आतल्या नळ्या कोरड्या तापून फुटणार. त्यापुढचा विचार तिने केला नाही. आग कमी करून वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायला सांगितलं आणि काचेकडे बघत उभी राहिली. फेस बसला. पातळी अगदी तळाशी येऊन थांबली, पण दिसत होती. प्रतापरावांनी ताजं पाणी सोडलं.

उत्पादन बघणारे रेड्डी तणतणत आले. वाफेविना तिन्ही रिॲक्टर थांबले होते. परतीचं पाणी आताच्या आता गटारात सोडा, असं त्यांनी हिंदीत सुनावलं. तिने ते आधीच सोडलं होतं. पण कुठल्या तरी रिॲक्टरच्या कॉइलला, म्हणजे आतल्या वाफेच्या नळीला, भोक पडलंय, त्यातून माल पाण्यात येऊन फेस होतोय, ते शोधायला हवं, असं ती म्हणाली. रेड्डींनी तासभर दिला.

वाफ पुन्हा सुरू झाली. सगळं नीट तापल्यावर तिने तिन्ही रिॲक्टरखालचं पाणी बाटल्यांत धरलं, गार करून हलवलं. एकीतही फेस नाही. रेड्डी आपल्या कामाला निघून गेले. म्हणजे दोष आपल्याच लाइनमध्ये? चहाचा कप हातात घेऊन सुजाता लाइनचा नकाशा उघडून बसली.

प्रतापराव जवळ येऊन बसले. “काच कधी नाचायला लागली, सांगू? दोन नंबरच्या रिॲक्टरची वाफ बंद करून रेड्डींच्या माणसांनी पुन्हा सोडली ना, त्याच्यानंतर.”

सुजाताने कप खाली ठेवला. वाफ चालू असताना तिचा दाब मालाला बाहेरच थोपवतो. वाफ बंद झाली, कॉइल थंडावली, की आत पोकळी होऊन तीच माल ओढून घेते. बघायचं होतं ते वाफ पुन्हा सोडल्यावर येणारं पहिलं पाणी, आणि तेच तिने जाऊ दिलं होतं.

दोन नंबरमध्ये माल अर्ध्यावर होता. रेड्डी पुन्हा थांबायला तयार नव्हते.

“दहा मिनिटं बंद ठेवा,” ती म्हणाली. “नाही सापडलं, तर मालकांना माझं नाव सांगा.”

रेड्डींनी तिच्याकडे पाहिलं आणि माणसाला खूण केली.

वाफ पुन्हा सोडल्यावर आलेलं पहिलं पाणी पिवळट होतं. बाटली हलवली, तर फेस गळ्यापर्यंत चढला आणि बसेचना. सुजाताला हायसं वाटलं, पण आनंद झाला नाही. हे भोक कधीपासून होतं? पाणी गटारात जात होतं तोवर कुणाला कळायचं कारणच नव्हतं. रेड्डींनी गेल्या दोन महिन्यांचं बॅच रजिस्टर मागवलं. दोन नंबरचा माल सारखा कमी का भरतो, हे त्यांना तोवर उमगलं नव्हतं.

कॉइल बदलायला आठ दिवस लागले. मीटर बसल्याशिवाय लाइन चालू करणार नाही, असं सुजाताने लिहून दिलं, आणि मीटर त्याच महिन्यात आला. कोळसा तिने सांगितला होता तितका वाचला नाही, पण बराच वाचला. प्रतापराव तिला आता काचेजवळ खुर्ची ठेवू लागले. ती बसायची नाही. बॉयलरवरून फोन आला, की अजूनही ती धावतच यायची.