मास्तर मवाळ झाले

मास्तरांच्या तोंडून कुणी कधी ‘छान’ ऐकलं नव्हतं. ही निंदा नव्हे बरं का, दुकान त्याच गुणावर चालत होतं. सूट-कोट शिवायचं दुकान, मध्ये कापड बेतायचं लांबलचक टेबल, टेबलामागे मास्तर, आणि दारातून आत येणारा प्रत्येकजण त्यांच्या लेखी गुन्हेगार. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाची पाठ पोक काढलेली, आणि आधीच्या शिंप्याने त्यावर जे चढवलेलं असे त्याला मास्तर ‘बाह्या लावलेलं पोतं’ म्हणत. गिऱ्हाईक मुकाट्याने ऐकून घेई आणि कापड ठेवून जाई. एवढा नाकाने कांदे सोलणारा माणूस आपल्या कोटात खोट राहू देणार नाही, हे त्याला पटलेलं असे.

घरी कोट नव्हते, पण तोंडाचा पट्टा तोच. चहा पाणचट, भाजी आळणी, पडदा वाकडा. बायकोने उत्तर देणं केव्हाच सोडून दिलं होतं. ती ताट वाढून आत जाई आणि मागाहून एकटी जेवी.

अशा माणसाला नागीण झाली. उजव्या खांद्यावरून छातीपर्यंत फोडांचा पट्टा उठला, सुकला, खपल्या पडल्या. लोक म्हणाले, सुटलात. कसले सुटतात. आतल्या नसा दुखावल्या त्या दुखावल्याच. सदरा नुसता टेकला तरी कुणी निखारा फिरवावा तशी आग होई. जन्मभर दुसऱ्याच्या अंगावर कापड बसवणारा माणूस घरात उघडाबंब फिरू लागला, आणि दुकानात सदऱ्याची उजवी बाजू चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवू लागला. एका हाताने काय कापणार, कपाळ?

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे फुकट काही मिळत नसलं तरी औषध मिळतं. दुकानाचे मालक म्हणाले, “मास्तर, मन जरा दुसरीकडे वळवा.”

“कुठे वळवू? तुमच्या पँटच्या शिलाईकडे? तिथे बघितलं की जास्त दुखतं.”

शेवटी डॉक्टरीणबाईंनी नसांच्या दुखण्यावरच्या कॅप्सूल लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक. झोप येईल म्हणाल्या, गरगरेल म्हणाल्या, होईल सवय म्हणाल्या. यांचं काय जातं म्हणायला. सवय व्हायची ती मास्तरांना. पावलं सुजली, बूट चढेनात, चालताना जमीन एका बाजूला कलू लागली. भूक अशी लागे की पातेल्याचा तळ दिसल्याशिवाय हात थांबेना. शब्द तर ऐन वेळी पळ काढत. हाताखालच्या शिलाईवाल्याला ते म्हणाले, “ते दे रे. ते कापायचं.” ज्याच्या हातात उभ्या आयुष्यात कात्री सोडून दुसरं काही दिसलं नव्हतं, त्या माणसाला कात्री आठवेना. शिलाईवाला तोंड फिरवून हसला.

पण आग मात्र कमी झाली, अंगाला सदरा सोसू लागला. आणि त्याबरोबर आणखी एक झालं, ते कॅप्सूलच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर होतं की नव्हतं कोण जाणे. ती मुंगीएवढी अक्षरं मास्तरांना तेव्हा दोन-दोन दिसत. मास्तर मवाळ झाले. कुणी काही दाखवलं की “चालेल” म्हणू लागले. वाकडी शिलाई चालेल, ढिलं बटण चालेल, पाणचट चहाही चालेल. शिलाईवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. मालक तर येईल त्याला सांगत सुटले, “औषध कसं लागू पडलंय बघा.” म्हणजे वाघाचे दात पडले याचा आनंद शेळ्यांनी साजरा करायचा.

त्यातच मखमलीचा कोट आला. गिऱ्हाईक एक बडे अधिकारी; त्यांचा कुठेतरी सत्कार होता. मखमलीला लव असते. ती एका दिशेला झुकते, म्हणून कोटाचा प्रत्येक तुकडा त्याच दिशेने कापावा लागतो. एक जरी उलटा पडला तरी उजेडात त्याचा रंग निराळा दिसतो. यात कापड जास्त जातं. मालकांचा जीव तिथेच अडकलेला. वर्षानुवर्षं ते दबक्या आवाजात सुचवत आले होते की बाह्या उलट्या बेतल्या तर बराच तुकडा वाचेल, आणि वर्षानुवर्षं मास्तरांनी त्यांची सालटी काढली होती. या खेपेला मालकांनी सुचवलं, मास्तरांनी पेंगुळलेले डोळे मिचकावले, आणि म्हणाले, “चालेल.”

कोट झाला. साहेब आले, आरशासमोर गोल फिरले, “वा” म्हणाले. मालक हात चोळत होते. दिव्याच्या मंद उजेडात सगळं कसं झकास. साहेब तोच कोट अंगावर ठेवून बाहेर उन्हात गेले, आणि मास्तरांनी काचेतून पाहिलं. अंग काळंभोर, बाह्या राखाडी. जणू दुसऱ्याच्या कोटाच्या उसन्या आणल्या होत्या.

“बघा,” मालक म्हणाले, “कुणाला काही कळलं नाही. उगाच इतकी वर्षं कापड घालवलं आपण.”

आता राग यायला हवा होता. मास्तर त्याची वाट बघत उभे राहिले. पण तो काही येईना. पोटात जिथे तो भडकायचा तिथे नुसता कोमट काला. आणि मग मास्तर घाबरले, नागिणीलाही घाबरले नव्हते इतके. दुखणं गेलं नाही तरी चालवून घेऊ, पण ही नजर आणि हा राग गेला तर टेबलामागे उभा राहील तो कोण?

म्हणून त्यांनी शहाणपणा केला. मनानेच कॅप्सूल बंद केल्या. आग परतली ती व्याजासकट. अंगाला घाम, हाताला कंप, झोपेचा पत्ता नाही. सदरा भिरकावून ते भिंतीला टेकून बसले, तर भिंतही चावली. बायकोने कॅप्सूल आणि पाणी समोर धरलं. गिळली. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी खरडपट्टी काढली. हे औषध असं एकदम तोडायचं नसतं, म्हणाल्या. मग सगळं ऐकून घेतलं. “सकाळची मात्रा हळूहळू कमी करता येईल. डोकं बरंच हलकं होईल. पण दुखणं थोडं वर येईल, ते सोसावं लागेल. काय करू या?”

मास्तर तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, “कमी करू नका.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “का? त्यांना त्रास होतोय ना औषधाचा?”

“त्यांना होत असेल. मला नाही होत.” ती पर्सच्या बंदाकडे बघत बोलत होती. “हल्ली मला विचारतात, जेवलीस का. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. आता आम्ही एकत्र जेवतो. इतक्या वर्षांत कधी नव्हतो.”

मास्तरांच्या जिभेवर पूर्वीचं काहीतरी आलं, की घरची धुणी दवाखान्यात धुवायला आणलीस का. नेमका शब्द सापडेना म्हणून ते राहिलं. लाज मात्र वाटली, चांगली कानापर्यंत. ती काही कॅप्सूलने अडवली नाही. हिने त्या ‘जेवलीस का’चा एवढा संसार मांडला होता, आणि त्यांना तर विचारल्याचंही धड आठवत नव्हतं.

पण टेबल डोळ्यांसमोर होतं. राखाडी बाह्या होत्या.

“कमी करा,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. दोघं बाहेर पडली. फुटपाथच्या कडेला वाहनं थांबायची वाट बघत उभी राहिली. बायको काही बोलत नव्हती. बोलत ती कधीच नसे, पण आज ते न बोलणं मास्तरांना ऐकू येत होतं.

“राग आलाय का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. मला सवय होती,” ती म्हणाली. “मध्ये मोडली, एवढंच.”

मास्तर अजून झोकांडत होते, म्हणून तिने त्यांचा डावा दंड धरला आणि त्यांना रस्ता ओलांडून नेलं.