मुद्देमालातला माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझं डोकं पितळी जाळीचं, मान वाकडी आणि पाय बिडाचा, चांगला दोन किलोचा. सध्या मी पोलीस ठाण्याच्या लोखंडी कपाटात गोणपाटात गुंडाळून, लाखेचा शिक्का मारून पडलो आहे. माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीवर 'हत्यार' असं लिहिलं आहे. ते खोटं नाही, म्हणूनच तुम्हाला सगळं सांगतो.

यवतमाळच्या एका दुकानातून मला आणलं तेव्हा आमच्या गावात ग्रामपंचायत होती. भोंगा छपरावर आणि मी टेबलावर. कुणाची बकरी हरवली, पोलिओचा डोस कधी, सगळं माझ्यातून गावभर जायचं. ग्रामसभेत म्हाताऱ्या बाया आधी मला फुंकर मारून बघायच्या आणि मग मनातलं बोलायच्या. आवाज खणखणीत आहे, असं सगळे म्हणत. मीही फुगून जायचो.

मग नगरपंचायत झाली आणि माझं बटण अध्यक्षांच्या टेबलाखाली बसवलं. बोलणारा नकोसा झाला की त्यांचा अंगठा हलायचा आणि माझी वाचा बसायची. नियमही आला, एका सभेत नागरिकांचा एकच प्रश्न. माझ्यासारख्या बडबड्याला याहून मोठी शिक्षा नव्हती.

त्या सोमवारी सभेला दोन वस्त्यांची माणसं आली. विहाराजवळच्या वस्तीतून इंदूबाई, त्यांचा मुलगा राजदीप आणि वीसेक बाया. तांड्यावरून धरमसिंग नाईक आणि त्यांची माणसं. मागच्या दोन सभांत दोघांचीही पाळी हुकली होती. काय विचारायचं आहे, हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या गावात प्रश्न आधी कुणी सांगतच नाही. सांगितला की कुणीतरी तो अध्यक्षांच्या कानावर घालतो आणि मग त्याची पाळीच येत नाही.

अध्यक्ष म्हणाले, प्रश्न एकच होईल, कोण विचारतं ते तुम्हीच ठरवा. असं म्हणून त्यांनी अंगठ्याने मला बंद केलं आणि ते खुर्चीला टेकले. कोंबडे झुंजवणारा माणूस असाच टेकून बसतो.

इंदूबाईंनी मला उचललं. धरमसिंगांनी माझी वायर धरली.

"आमी सकाळपासून बसून राह्यलो, बाई. पहिले आमचं होऊ द्या."

"मागल्या सभेत बी तुमीच मंधात आलते," राजदीप म्हणाला.

कुणीतरी कुणाची कॉलर धरली आणि खुर्च्या उडाल्या. एक खुर्ची इंदूबाईंच्या मनगटावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. आईला पडलेलं पाहून राजदीपचं भान सुटलं. त्याने मला मानेला धरून उचललं आणि दोनदा हाणलं. पहिला घाव टेबलावर बसला. दुसरा धरमसिंगांच्या डाव्या डोळ्यावर बसला. माझ्या बिडाच्या पायावरून गरम रक्त ओघळलं. हात त्याचा होता हे खरं, पण लागलो मी. मला माझी शिसारी आली.

तरी मारामारी थांबली नाही. पडलेल्यांच्या अंगावरून माणसं धावत होती, टाचांखाली बोटं चिरडत होती. काचेचं कपाट फुटलं आणि एका बाईच्या कपाळात काच घुसली. अध्यक्ष आणि सदस्य मागच्या दाराने कधी निघून गेले ते कुणाला कळलंही नाही.

त्या ढकलाढकलीत टेबल उलटलं, बटण दाबलं गेलं आणि माझा आवाज परत आला. मी धरमसिंगांच्या तोंडापाशीच पडलो होतो. डोळा दाबून, कण्हत ते बोलले, आणि बाहेरच्या भोंग्यातून ते साऱ्या बाजाराने ऐकलं.

"मी त्या टाकीजवळच्या खांब्याचं सांगाले आलतो. त्यात करंट उतरते. माहा बैल मेला तिथं."

हॉलमध्ये धरलेल्या कॉलरी सुटल्या. मोडका हात पोटाशी धरून इंदूबाई सरकत माझ्याजवळ आल्या.

"माही बकरी बी तिथंच मेली, भाऊ. माही नात दीपा रोज तिथूनच शाळेत जाते. मले बी तेच सांगाचं होतं."



तो खांब वस्ती आणि तांडा यांच्या बरोबर मध्ये आहे. वस्तीने अर्ज दिला की तो तांड्याच्या प्रभागात आहे असं नगरपंचायतीत सांगत, तांड्याने दिला की वस्तीच्या. दोन वर्षं असंच चाललं होतं.

धरमसिंगांचा डोळा गेला. राजदीप तुरुंगात आहे. नगरपंचायतीने तीन नवे माईक आणले आणि सभेच्या दिवशी दारावर पोलीस उभे केले. खांबाकडे कुणी फिरकलं नाही.

परवा जबाब द्यायला इंदूबाई आणि धरमसिंग दोघंही ठाण्यात आले होते. पुन्हा जुंपेल म्हणून शिपाई मध्ये उभा राहिला. कपाटातून मी कान देऊन ऐकत होतो. इंदूबाईंनी विचारलं, "काट्या टिकल्या काय, नाईक?"

"तांड्याकडच्या वाळल्या. उद्या नव्या तोडतो."

तेव्हा मला कळलं की दोघांनी मिळून त्या खांबाभोवती बाभळीच्या काट्या लावल्या आहेत.

मित्रांनो, मला जपा असं म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही. पण बोलणाऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडू नका. आणि शेजारी बसलेल्यावर हात उगारण्याआधी तो कशासाठी आला आहे, एवढं तरी विचारा. टाकीजवळून जाल तेव्हा काट्यांच्या पलीकडे हात घालू नका, दीपालाही घालू देऊ नका. त्या खांबात अजून करंट आहे.