उतरवलेली ठुशी

"म्हणजे लग्नात नवऱ्यानेच घातलेले दागिने पुढे तोच काढून घ्यायचा?" तनूला मऊ भाताचा घास भरवता भरवता अरुणाबाईंनी सुनेला विचारलं.

"हो ना आई. पाचशे वर्षांपूर्वीचं इटलीतलं फ्लॉरेन्स. बड्या घरची सून, पण मिरवून झालं की दागिने परत नवऱ्याकडे." वैभवी कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती.

आज युनिव्हर्सिटीच्या प्रवेशवर्गात तिला यावरच दहा मिनिटं बोलायचं होतं. बोलली तरच सप्टेंबरला युनिव्हर्सिटीत शिरकाव. आणि नेमका आठ वाजता तनूला सांभाळणाऱ्या चाइल्डमाइंडरचा फोन, फ्लू झालाय म्हणून.

"मग राहू दे ना. नेक्स्ट इयर बघू," प्रणव बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"पुढच्या वर्षी तुझी आई असणारे का इथे? सहा महिन्यांचा व्हिसा माझा," अरुणाबाई म्हणाल्या. "चल गं. पोर मी बघते."

नॉटिंगहॅमला येऊन दोन महिने झाले, पण मुलाच्या गाडीशिवाय त्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. आज साडीवर कोट, पायांत स्पोर्ट्स शूज आणि कडेवर नात घेऊन त्या सुनेमागोमाग बसमध्ये चढल्या.

वर्गात आठच माणसं. तरी वैभवीचं पहिलं वाक्य अडखळलं, दुसरं विसरलं. दाराजवळ तनूला थोपटत बसलेल्या सासूबाईंनी फक्त मान हलवली, 'हं, पुढे' अशी. मग मात्र तिची गाडी रुळाला लागली.

"एनी क्वेश्चन्स?" हेलन मॅडमनी विचारलं.

दाराजवळून एक बोट वर झालं. "काढून घेताना त्या मुलीला कुणी विचारायचं का गं?"

वैभवीने ते इंग्रजीत सांगितलं. हेलन म्हणाल्या, ठाऊक नाही. सगळं लिहून ठेवलंय ते बहुतेक पुरुषांनीच.

"मला नव्हतं विचारलं," अरुणाबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी न्हाऊन आले, तर सासूबाई म्हणाल्या, ठुशी काढ, थोरल्या जावेची आहे. ओल्या केसांत गोंडा अडकला. मी आपली आदल्या रात्री सारखी चाचपून बघत होते, माझीच समजून."

हेही वैभवीने इंग्रजीत सांगितलं. पाच वर्षं या घरात होती, पण हे ऐकलं नव्हतं. तिच्या लग्नात याच बाईने तिच्या गळ्यात ठुशी घालून म्हटलं होतं, "ही तुझी. कुणी मागणार नाही." तेव्हा तिला वाटलं होतं, असं म्हणायची रीतच असेल.

हेलननी वैभवीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर सही केली. "सप्टेंबरला भेटू," म्हणाल्या. मग वहीचं नवं पान उघडून त्यांनी अरुणाबाईंकडे पाहिलं. हे लिहून घेतलं तर चालेल का?

वर्गातल्या शर्लीने टेबलाशी खुर्ची ओढली. "सिट हिअर, मी डक." 'मी डक', म्हणजे 'माझं बदक', असं इथल्या बायका मायेने सगळ्यांनाच म्हणतात.

"चालेल म्हणावं," अरुणाबाई झोपलेल्या तनूसकट खुर्चीत टेकल्या. "पण आधी नाव लिही म्हणावं."

त्यांनी आपलं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. हेलनची अक्षरं उमटेपर्यंत प्रत्येक वेळी थांबून.